दातांवरचे कीटण: यंत्राने काढावे की हाताने?

प्रश्न
माझ्या आईचे वय 62 आहे. तिला मिश्री लावण्याची जुनी सवय असून खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस कीटणाचा जाड, तपकिरी थर बसला आहे. दंतवैद्यांनी यंत्राने स्केलिंग, म्हणजे कीटण काढून दातांची सफाई, करण्यास सांगितले आहे. परंतु तिला पेसमेकर बसवलेला आहे, शिवाय यंत्र लावल्याने दात हलू लागतात असे नात्यातल्या बायकांनी तिच्या मनात भरवून दिले आहे. हाताच्या अवजारांनीच सफाई करून घेणे अधिक सुरक्षित ठरेल का?

उत्तर 1 (दंतवैद्य, सातारा)
पेसमेकरची माहिती उपचारापूर्वीच द्यावी, कारण स्केलिंगची यंत्रे दोन प्रकारची असतात. मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह यंत्रात टोकाची कंपने चुंबकीय क्षेत्रामुळे निर्माण होतात आणि जुन्या पेसमेकरच्या बाबतीत ते टाळणे इष्ट मानले जाते. पिझो यंत्रात मात्र स्फटिकांच्या साहाय्याने सेकंदाला साधारण 25,000 ते 50,000 कंपने निर्माण केली जातात व त्यात तसे चुंबकीय क्षेत्र नसते. आपल्या दंतवैद्यांकडे कोणते यंत्र आहे ते विचारावे आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्लाही घ्यावा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास त्या परस्पर बंद करू नयेत, मात्र त्यांची कल्पना अवश्य द्यावी.

केवळ हाताच्या अवजारांनी काम नक्कीच होते, पण वेळ बराच लागतो. बहुतेक वेळा जाड थर यंत्राने फोडून हिरडीखालचे बारीक कण क्युरेट या हाताच्या अवजाराने काढले जातात, आणि मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडे उघडतात. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट दातांवरील जिवाणूंच्या थरात साचून तो कडक होतो, म्हणून कीटण तिथेच अधिक जमते.

उत्तर 2 (पुणे)
दात हलण्याविषयीची भीती माझ्या सासूबाईंनाही होती. कीटण निघाल्यावर दातांमध्ये फटी दिसू लागल्या आणि थंड पाणी काही दिवस झोंबत होते. त्यांच्या दंतवैद्यांनी आरशात दाखवले, की हिरडी आधीच खाली सरकलेली होती व कीटणाने ती जागा झाकलेली होती.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पाण्याबरोबर भुकटीचा फवारा मारून सफाई करतात, त्याने हे काम होईल का?

उत्तर 1 (दंतवैद्य, सातारा)
मिश्रीचे डाग त्या फवाऱ्याने चांगले निघतात, पण दगडासारखे घट्ट झालेले कीटण निघत नाही. त्यामुळे तो स्केलिंगनंतर वापरावा. रक्तदाबामुळे मीठ वर्ज्य असेल, तर सोडियम बायकार्बोनेटऐवजी सोडियम नसलेली ग्लायसीनची भुकटी वापरण्याविषयी विचारावे. दात आणि हिरडी यांमधल्या फटीची खोली 4 मिलिमीटरपेक्षा अधिक भरल्यास भूल देऊन मुळांचीही सफाई करावी लागेल, आणि सुमारे सहा आठवड्यांनी खोली पुन्हा मोजून घ्यावी.