हंगेरी २०२४ : जागा परत दिली ते बरोबरच, पण वीस लॅप कशाला लागल्या?

घाटमाथा, २२ जुलै २०२४

काल गुरुपौर्णिमा. घरी पाहुणे होते, तरी साडेसहाला फॉर्म्युला वनची हंगेरीची शर्यत बघायला टीव्हीसमोर बसलो तो शर्यत संपेपर्यंत उठलो नाही. ऑस्कर पियास्ट्री आयुष्यातली पहिली ग्रां प्री जिंकला. त्याच्या मॅक्लारेन टीमच्या दोन्ही गाड्या पहिल्या-दुसऱ्या आल्या, २०२१ च्या मोंझाच्या (इटली) शर्यतीनंतर पहिल्यांदाच. आणि आज सकाळपासून आमच्या ग्रुपवर त्या पोराचं नाव कुणी घेत नाही. सगळ्यांचं एकच पालुपद, त्याच्याच टीममधल्या, दुसऱ्या आलेल्या लँडो नॉरिसवर अन्याय झाला.

मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलवर, म्हणजे सुरुवातीला सगळ्यांत पुढच्या जागेवर, लँडो होता, पात्रता फेरीत ऑस्करपेक्षा फक्त ०.०२२ सेकंदांनी पुढे. सुटल्यावर पहिल्याच वळणावर ऑस्करने आतून आघाडी घेतली आणि दुसऱ्या पिट स्टॉपपर्यंत (टायर बदलायच्या थांब्यापर्यंत) जवळजवळ सगळा वेळ तोच पुढे होता. त्या स्टॉपला मात्र टीमने मागच्या गाडीला आधी बोलावलं. लँडो ४५ व्या लॅपला (फेरीला) आत आला, ऑस्कर ४७ व्या. नव्या टायरवर दोन लॅप मिळाल्या म्हटल्यावर लँडो आपसूक पुढे निघाला. टीमने लगेच सांगितलं की जागा परत द्यायची आहे. त्याने ती दिली ६८ व्या लॅपला. शर्यत ७० लॅपची.

पहिल्या पिट स्टॉपलाही लँडोच आधी आला होता, पण तेव्हा फरक एकाच लॅपचा होता म्हणून ऑस्करची आघाडी टिकली. दोन लॅप दिल्या की काय होणार हे पिटवर बसलेल्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

चूक टीमची, हे मान्य. पण चुकून हातात आलेली वस्तू परत करायला माणसाने किती वेळ घ्यावा? विल जोसेफ, त्याचा स्वतःचा इंजिनिअर, रेडिओवर अक्षरशः विनवण्या करत होता आणि इकडे अंतर वाढत चाललं होतं. मला लँडो आवडतो, मायामीला जिंकला तेव्हा मी नाचलो होतो. म्हणूनच काल ते ऐकवत नव्हतं.


पिटवॉल, २२ जुलै २०२४

साफ असहमत. भावना बाजूला ठेवून आकडे बघा. काल सकाळी चॅम्पियनशिपमध्ये रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापेनचे २५५ पॉइंट होते, लँडोचे १७१. ८४ चा खड्डा, आणि हंगेरी धरून १२ शर्यती. मॅक्सला गाठू शकणारा एकच ड्रायव्हर आहे आणि तो लँडो. काल मॅक्स पाचवा आला, असा दिवस वर्षातून दोन-तीनदाच उगवतो. अशा दिवशी तुम्ही तुमच्या एकमेव दावेदाराला सांगता की पहिल्या नंबरचे २५ नको, दुसऱ्याचे १८ घे. आता फरक ७६ आहे. तो ६९ असता.

शिवाय वेगाचं काय? शेवटच्या टप्प्यात लँडो ऑस्करपेक्षा उघड वेगवान होता. ऑस्कर मधल्या टप्प्यात एकदा ट्रॅक सोडून बाहेर गेला, तिथे त्याने हातातले सेकंद घालवले. ते कुणी परत मागितले का? मग पिट स्टॉपच्या क्रमाने मिळालेले सेकंद तेवढे परत का करायचे?


तिसरा_सेक्टर, २२ जुलै २०२४

पिटवॉल, याच ट्रॅकवरची २०१७ ची शर्यत आठवते का तुम्हाला? लुईस हॅमिल्टनला पुढच्या फेरारींवर चाल करता यावी म्हणून मर्सिडीजमधला त्याचा जोडीदार वाल्टेरी बोटासने त्याला पुढे जाऊ दिलं. फेरारी काही हाती लागल्या नाहीत. शेवटच्या लॅपच्या शेवटच्या वळणावर लुईस थांबला आणि तिसरी जागा बोटासला परत दिली. मागून मॅक्स येत होता, चौथी जागाही जाण्याचा धोका होता. तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये लुईस फेरारीच्या सेबास्टियन फेटेलच्या मागे होता आणि त्या तीन पॉइंटनंतर १४ ने मागे राहिला. वर्षअखेर तोच जिंकला, ४६ पॉइंटनी.

त्या दिवशी मी माझ्या भावाशी भांडले होते, लुईस वेडा आहे म्हणून. नंतर समजलं की बोटासने पुढे वर्षानुवर्षं त्याला साथ दिली ती अशाच दिवसांमुळे.


पिटवॉल, २२ जुलै २०२४

ते उदाहरण इथे बसत नाही. २०१७ ला शब्द आधी ठरला होता : पुढे जा, जमलं नाही तर परत दे. लुईसने तो पाळला, मोठेपणाच होता. लँडोने काल कुणाला शब्द दिला होता? त्याला आत बोलावलं, तो आला. टायर लावले, निघाला. पुढे आला तो स्वतःच्या पायाने.


तिसरा_सेक्टर, २२ जुलै २०२४

शब्द नव्हता कसा? रेडिओ पुन्हा ऐका. इंजिनिअर त्याला दर रविवारी सकाळच्या बैठकीत काय ठरतं त्याची आठवण करून देत होता. म्हणजे हा विषय काल संध्याकाळी नव्याने निघालेला नाही. आणि शर्यतीनंतर लँडो स्वतः काय म्हणाला? आपण शर्यत सुरुवातीलाच घालवली, हे त्याने कबूल केलं. त्याला मान्य आहे, आपल्यालाच का होत नाही?


कोल्हापुरी_कार्टर, २३ जुलै २०२४

तुम्ही दोघं ड्रायव्हरवरून भांडताय, खरा प्रश्न ४५ व्या लॅपचा आहे. मी पाच-सहा वर्षं कार्टिंग केलंय, त्यावरून एक सांगतो. नवा टायर पहिल्या दोन-तीन लॅप जे देतो ते पुन्हा कधी देत नाही. हंगेरोरिंगसारख्या अरुंद, वळणावर वळण असलेल्या ट्रॅकवर, ओव्हरटेक करायला एकच बरा सरळ रस्ता असताना, आधी आत येणारा गाडी न ओलांडताच पुढे जातो. हाच अंडरकट. म्हणून तर दोन गाड्या पुढेमागे असल्या की पुढच्याला आधी बोलवायचं, हा बहुतेक टीमचा रिवाज.

मॅक्लारेनने तो का मोडला? हॅमिल्टन ४० व्या लॅपला आत येऊन गेला होता. तो नव्या टायरवर जवळ येईल, दुसऱ्या नंबरवरचा लँडो त्याच्या तावडीत सापडेल, ही धास्ती. धास्ती समजू शकतो. पण मग ऑस्करला ४४ ला बोलवा, लँडोला ४५ ला. दोघंही सुरक्षित, क्रमही तोच, आणि आज आपण पियास्ट्रीच्या पहिल्या विजयाबद्दल बोलत असतो. एका लॅपची घाई केली असती तर एवढं रामायण घडलंच नसतं. गाडी इतकी सरस असताना पिटवर इतकी भीती कशाची? गाडी जिंकायला लागली, पण पुढे असताना शर्यत कशी चालवायची ते डोकं अजून तयार झालेलं नाही, हे माझं मत.

आणि लँडोबद्दल. महिन्याभरापूर्वी स्पेनलाही तो पोलवर होता, तिथेही पहिल्या वळणाला आघाडी गेली. परवाही तेच. पिटवॉल, तुमचे सात पॉइंट ६८ व्या लॅपला गेले नाहीत. ते पहिल्या वळणालाच गेले.


लांबपल्ला, २३ जुलै २०२४

मधेच थोडं विषयांतर, रेड बुलबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून. मॅक्सला दोन्ही वेळा उशिरा आत बोलावलं, आणि जे रस्त्यावर त्याला ओलांडू शकत नव्हते ते पिटमधून पुढे गेले. तो रेडिओवर चिडला ते समजतं. पण ६३ व्या लॅपला पहिल्या वळणावर चाक लॉक करून हॅमिल्टनवर जाऊन आदळणं, ते कुठल्या स्ट्रॅटेजीत बसतं? चौथी जागाही फेरारीच्या लक्लेअरला गेली. तीन वेळचा चॅम्पियन डोकं गमावतो तेव्हा त्याच्यात आणि नवख्यात फरक राहत नाही.

बाकी मूळ वादात मला मुलतान आठवलं. मार्च २००४, सचिन १९४ वर नाबाद आणि द्रविडने डाव घोषित केला. आमच्या चाळीत दोन तट पडले होते, काही जण अजून एकत्र मॅच बघत नाहीत. भारत ती कसोटी एक डाव आणि ५२ धावांनी जिंकला. टीम आधी, माणूस नंतर.


पिटवॉल, २३ जुलै २०२४

लांबपल्ला, मुलतान माझ्या बाजूने बोलतं! तिथे टीमच्या फायद्यासाठी एकाचं द्विशतक गेलं. इथे जागा बदलून टीमला एकही जादा पॉइंट मिळाला नाही. पहिला-दुसरा कसेही आले तरी ४३ च. उलट चॅम्पियनशिपचे सात गेले.

कार्टर, सुरुवातीबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.


घाटमाथा, २३ जुलै २०२४

टीमला एकही पॉइंट मिळाला नाही हे खरं. पण समजा लँडोने जागा दिलीच नसती. पुढच्या वेळी ऑस्कर पुढे असताना टीम म्हणाली, 'थांब, आधी लँडोला आत घेतो, तू काळजी करू नको,' तर तो ऐकेल? का ऐकावं? दोन जवळपास सारख्या वेगाचे ड्रायव्हर असलेली टीम विश्वासावरच चालते. २००२ ला ऑस्ट्रियात फेरारीने पोलपासून पुढे असलेल्या आपल्याच बॅरिकेलोला अगदी अंतिम रेषेशी दुसऱ्या ड्रायव्हरसाठी, शूमाकरसाठी थांबवलं. लोकांनी पोडियमवर हुर्यो उडवली, आणि पुढच्या वर्षी टीम ऑर्डरवरच (टीमने ड्रायव्हरला जागा सोडायला सांगण्यावरच) बंदी आली, ती २०१० पर्यंत टिकली. तेव्हाही चॅम्पियनशिपचंच कारण पुढे केलं होतं. मॅक्लारेनने परवा नेमकं त्याच्या उलट केलं. पॉइंटच्या मोहाला बळी न पडता ज्याची आघाडी होती त्याला ती परत मिळवून दिली. मला या टीमचा अभिमान वाटतो. फक्त ते पन्नासाव्या लॅपला व्हायला हवं होतं.


घाटमाथा, ८ डिसेंबर २०२५

जुना धागा वर काढतोय, कारण काल अबू धाबीची, या मोसमाची शेवटची शर्यत बघून झोप लागली नाही.

लँडो वर्ल्ड चॅम्पियन झाला. ४२३ पॉइंट. मॅक्स ४२१, ऑस्कर ४१०. आता सप्टेंबरमधली मोंझाची शर्यत आठवा. लँडो दुसरा, ऑस्कर तिसरा. मॅक्लारेनने तिथेही मागच्या गाडीला, म्हणजे ऑस्करला, आधी आत घेतलं. मग लँडोच्या स्टॉपला चाक अडकलं, जवळपास सहा सेकंद गेले आणि ऑस्कर पुढे आला. टीमने सांगितलं, जागा परत दे. त्याने दिली, आणि वीस लॅप लावल्या नाहीत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरमध्ये तीन पॉइंटचा फरक. ते तीन वजा करा. लँडो ४२०, मॅक्स ४२१.

बाकी सगळं तसंच घडलं असतं असा दावा मी करत नाही. पण हंगेरीला लँडोने ती जागा सोडली नसती तर मोंझाला ऑस्करने सोडली असती का, हा प्रश्न कालपासून डोक्यातून जात नाही.


पिटवॉल, ८ डिसेंबर २०२५

आधी कबुली. २०२४ ला लँडो शेवटी मॅक्सपेक्षा ६३ पॉइंटनी मागे राहिला, म्हणजे माझ्या त्या सात पॉइंटनी काही फरक पडला नाही. टीम मात्र टीमच्या चॅम्पियनशिपमध्ये फेरारीपेक्षा १४ पॉइंटनी पुढे राहून २६ वर्षांनी जिंकली, आणि त्यात ऑस्करचा वाटा मोठा होता. घरातलं वातावरण बिघडलं असतं तर ते १४ राहिले असते का, माहीत नाही. तेव्हा मी हे मोजलं नव्हतं.

पण मोंझाला हंगेरीच्या पंगतीत बसवू नका. हंगेरीला क्रम टीमने ठरवून उलटा केला होता. मोंझाला क्रम ठरवून केलेला होता हे खरं, पण जागा गेली ती चाक अडकल्याने. स्लो स्टॉप हा रेसिंगचा भाग असतो असं आपलं ठरलंय, हे ऑस्कर रेडिओवर स्पष्ट बोलला होता. तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये तोच पुढे होता. तरी त्याने ऐकलं. हंगेरीच्या लँडोपेक्षा कठीण गोष्ट त्याने केली, आणि शेवटी त्याच्या हाती तिसरा नंबर आला.

आणि गेल्या आठवड्यातल्या कतारचं काय? प्रत्येक टायर संचाला २५ लॅपची मर्यादा, शर्यत ५७ ची, आणि सातव्या लॅपला सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी, तेव्हा पिटला कमी वेळ जातो). ५७ मधून सात गेले, उरले बरोबर दोनदा पंचवीस. मॅक्स आत आला, पुढच्या जवळजवळ सगळ्या गाड्या आत आल्या, मॅक्लारेनच्या दोन्ही बाहेर राहिल्या. ऑस्कर पोलवरून पुढे होता, ट्रॅकवर त्याची एकही चूक नव्हती. दुसरा आला. पुन्हा तेच, २५ ऐवजी १८. घाटमाथा, हे सात त्याला कोण परत देणार?


कोल्हापुरी_कार्टर, ८ डिसेंबर २०२५

पुन्हा पिटवरच आलो बघा. ४५ वी लॅप तेव्हा, सातवी लॅप आता.


घाटमाथा, ८ डिसेंबर २०२५

पिटवॉल, कतारचे कुणीच देऊ शकत नाही. तिथे एकाचं दुसऱ्याकडे गेलं नव्हतं, दोघांचंही मॅक्सकडे गेलं. लँडो चौथ्या नंबरवर फेकला गेला. जागा बदलून ते भरून येणारं नव्हतं.

पण मोंझाबद्दल तुमचं ऐकून मी माझं एक वाक्य मागे घेतो. वर मी त्याला परतफेडीसारखं मांडलं. ऑस्करवर कसलंच देणं नव्हतं. हंगेरीला जे मिळालं ते त्याचंच होतं.