टॅग वळू नयेत म्हणून

जुन्या दिवाळी अंकांतील कात्रणे चिकटवून केलेले फराळाच्या डब्यांचे टॅग वाळल्यावर का वळतात, असा प्रश्न पडतो. दोष बहुधा कागदाच्या तंतूंच्या दिशेत असतो. ओल लागली की कागद तंतूंना आडव्या दिशेने अधिक फुगतो आणि वाळताना आकसून खालच्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पानाच्या कडेची पट्टी फाडून पाहावी. तंतूंच्या दिशेने ती बरीचशी सरळ फाटते, आडवी फाडल्यास वेडीवाकडी जाते. पुठ्ठा आणि कात्रण यांची दिशा एकच ठेवून टॅगच्या पाठीवरही साधा कागद चिकटवावा, म्हणजे दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. आमच्या बेळगाव-खानापूर भागातील पावसाळी हवेत पाणी घातलेला फेव्हिकॉल लवकर वाळत नाही, त्यामुळे ग्लू स्टिकच बरी. पुठ्ठ्यासाठी जुन्या लग्नपत्रिका उत्तम.

टॅगवरील चित्राच्या विषयाबाबत मात्र माझा आग्रह आहे. फुले-पणत्या सगळेच करतात. त्याऐवजी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा राजहंसगड किंवा बेळगावच्या शिवजयंतीतील चित्ररथ घ्यावेत. गडाच्या तटासाठी टायरच्या जाहिरातीतील काळा-करडा भाग बारीक, असमान चौकोनांत कापून मध्ये केसाएवढी फट सोडली की दगडी बांधकाम हुबेहूब उठते, आणि पैठणीच्या जाहिरातीतील केशरी पदराचा तिरपा तुकडा ध्वजाला शोभतो. भोक मात्र कात्रणे पूर्ण वाळल्यावरच पाडावे, अन्यथा ओला कागद कडेने उकलतो.