रंगवलेल्या आकृत्यांवरून पूर्णांकयुक्त अपूर्णांक: ११/१२ का येतं?

प्रश्न: तीन सारखी वर्तुळं, प्रत्येकाचे ४ समान भाग. दोन पूर्ण रंगवलेली, तिसऱ्याचे ३ भाग रंगवलेले. मुलं ११/१२ लिहितात. कसं समजवावं?

उत्तर: मुलं सगळे १२ भाग छेदात घेतात, म्हणजे तिन्ही वर्तुळं मिळून एक धरतात. इथे एक म्हणजे एकच वर्तुळ, हे आधी ठरवून घ्या. प्रत्येक वर्तुळाला जाड कडा काढा. पूर्ण रंगवलेली दोन हाताने झाका आणि २ लिहा. आता फक्त उरलेलं पाहायचं: एकूण भाग ४ हा छेद, रंगवलेले ३ हा अंश. उत्तर २ पूर्णांक ३/४.

उत्तर: शिवाय विचारा, "रंग एका वर्तुळापेक्षा जास्त आहे ना?" ११/१२ तर १ पेक्षा कमी! पडताळा: २ × ४ + ३ = ११, म्हणून ११/४. आणि पावणेतीन हा शब्द वापराच. तीनला पाव कमी, हे चित्रातल्या कोऱ्या भागात थेट दिसतं.

उत्तर: एक सापळा राहिला. दोन वर्तुळं अर्धवट असतील, समजा १/४ आणि ३/४, तर भाग एकत्र करून एक पूर्ण होतो का ते आधी बघा.