मदत हवी आहे: खताच्या बादलीला वास येतोय

नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायला घेतलं. बादलीला भोकं पाडली, रोज कचरा टाकून वर मूठभर वाळका पाला पसरते. पहिले तीन आठवडे छान गेले. आता मात्र झाकण उघडलं की आंबूस वास येतो, तळाशी पाणीही साचलंय. कार्बन (मुख्यतः वाळक्या पाल्यातून येणारा) आणि नायट्रोजन (मुख्यतः ओल्या कचऱ्यातून येणारा) यांचं प्रमाण साधारण ३०:१ हवं, हवा खेळती हवी, हे वाचलंय. पण ते प्रमाण घरी मोजायचं कसं? तुम्ही पाला अंदाजे किती घालता? पुठ्ठ्याचे तुकडे चालतील का (घरात ढीग पडलाय)? की सगळं उपसून नव्यानेच सुरुवात करू? घरचे बादलीच फेकायला निघालेत, जरा लवकर सांगा!