तीन रंगांचं मांजर सापडलंय आणि मालक दोन निघालेत. खरा कोण, कसं ठरवू? (बडोदा)

शिवणवाली, बडोदा

नमस्कार मंडळी. प्रश्न मांजराचा आहे, पण मी मांजरवाली नाही हे आधीच सांगते. दांडिया बझारात आमचा जुना वाडा आहे. खाली मी ब्लाउज शिवते, वर सासूबाई, नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे मांजर पाळायचा विषय कधी निघालाच नव्हता.

वासी उत्तरायणाची रात्र, म्हणजे १५ जानेवारी. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे १४ ला पतंग, १५ लाही पतंग, दोन्ही दिवस प्रत्येक अगाशीवर कपाटाएवढे स्पीकर आणि अंधार पडला की फटाके. ऊंधियू-जिलेबी खाऊन आम्ही पसारा आवरायला वर गेलो, तर पाण्याच्या टाकीमागे काहीतरी हललं. मुलाला वाटलं कबूतर अडकलंय, या दिवसांत तेच असतं. टॉर्च मारला तर दोन डोळे चमकले. मागच्या पायाला मांजा गच्च गुंडाळला गेलेला, तोही नायलॉनचा. २०१७ पासून देशभर बंदी आहे म्हणे त्याच्यावर! ओढला असता तर चामडीत रुतला असता, म्हणून मुलाने टॉवेल टाकून धरून ठेवलं आणि मी शिवणाच्या कात्रीने एकेक फेरा कापला. मुलाचा हात ओरबाडला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. पट्टी झाली, हाड शाबूत आहे. त्यांनी मानेवरून ते चिपचं यंत्र फिरवलं, काही वाजलं नाही. कान अख्खे आहेत, म्हणजे नसबंदी करून सोडलेलं भटकं मांजर नसावं असं ते म्हणाले. अंगाने गुबगुबीत आहे, खोक्यातल्या वाळूतच जातं. कोणाचं तरी लाडकं आहे हे मलाही कळतंय. सध्या मुक्काम मशीनजवळच्या पलंगाखाली. बाहेर फक्त रात्री येतं.

मोहल्ल्याच्या ग्रुपवर मी एक फोटो टाकला. पलंगाखालून जेवढं दिसलं तेवढाच, म्हणजे तोंड आणि उजवी बाजू. पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी डाग. फोटो फिरत फिरत कुठे कुठे पोचला आणि दोन फोन आले.

पहिला बाबाजीपुऱ्यातून. मराठी गृहस्थ, बोलणं तुटक. "आमच्या वडिलांचा बोका आहे, केव्हा येऊ न्यायला?" फोटो आहे का विचारलं तर नाही. वडिलांकडे बटणांचा फोन आहे म्हणाले.

दुसरा कारेलीबागेतून, एका बेनचा. रडत होत्या. "बेन, आ तो मारी ज छे." फोटोही पाठवले, पण सगळे समोरून काढलेले. तोंड अगदी असंच.

सासूबाई म्हणतात, जी रडतेय तिला देऊन टाक. नवरा म्हणतो, ज्याचा फोन आधी आला त्याला. मला दोन्ही पटत नाही. मी गिऱ्हाइकाचा ब्लाउजसुद्धा पावती बघितल्याशिवाय देत नाही, इथे तर जीव आहे. काय विचारावं यांना?

निवृत्त मास्तर, इंदूर

ताई, पहिला फोन संशयास्पद आहे. मी जीवशास्त्र शिकवत असे. मांजरात नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. एका एक्सवर नारिंगी आणि दुसऱ्यावर बिननारिंगी असेल तरच अंगावर काळे आणि नारिंगी असे दोन्ही डाग येतात, म्हणजे दोन एक्स हवेतच. बोक्याकडे एकच असतो. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. तिरंगी बोका हजारांत एखादा, त्याच्यात एक एक्स जास्तीचा असतो आणि तो बहुधा वांझ असतो. ज्यांना आपलं जनावर नर की मादी हे माहीत नाही, ते मालक कसले?

दुसरी गोष्ट तुमच्या फायद्याची. डाग कुठे पडणार हे गर्भातच नशिबाने ठरतं, कारण प्रत्येक पेशीत दोनपैकी कुठला एक्स झोपी जाईल याचा नेम नसतो. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्मलं. त्याची मूळ मांजरी तिरंगी होती, पण पिल्लू तिच्यासारखं दिसेना. क्लोनचे डाग जुळत नाहीत तर दोन वेगळ्या मांजरांचे कुठून जुळणार? तुम्ही डावी बाजू कोणाला दाखवलेली नाही. ती दाखवू नका. दोघांनाही डाव्या बाजूचं वर्णन विचारा.

मनीमाऊची आई, पुणे

मास्तरांचं जनुकशास्त्र बरोबर, निकाल घाईचा. अहो, निम्म्या घरांत पिल्लू आणलं की कोणीतरी "बोका आहे" म्हणतं आणि तेच नाव चिकटतं. लहानपणी फरक कळणं सोपं नसतं आणि नंतर शेपटी उचलून बघायला कोण जातंय? माझ्या मावशीच्या "राजा"ला चार पिल्लं झाली तेव्हा उलगडा झाला.

उलट मला बाबाजीपुरा खरा वाटतो. २०१८ साली हरवलेल्या मांजरांवर एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश, ज्या ठिकाणाहून हरवली त्यापासून ५०० मीटरच्या आत सापडली होती. कारेलीबाग तुमच्यापासून तशी लांब, मधे केवढे रस्ते. बाबाजीपुरा शेजारीच ना? जुन्या शहरात गच्चीला गच्ची लागून असते.

आणि महत्त्वाचं: मुलाला ओरखडा आलाय ना? साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला हवं होतं. धुतलं असलं नसलं तरी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. मांजर पाळीव दिसतंय म्हणून सोडून देऊ नका.

रिकामटेकडा

ठेवून घ्या हो. दोघांनाही सांगा पळालं म्हणून. मशीनखाली उंदीर होणार नाहीत.

शिवणवाली, बडोदा

मुलाची इंजेक्शनं त्याच दिवशी सुरू केली, डॉक्टरांनीच बजावलं होतं.

रिकामटेकडे, त्या बेन रोज सकाळी फोन करून "खाधुं?" विचारतात. मला जमणार नाही असं खोटं बोलायला. शिवाय दुकानातून तिचं कोरडं खाणं आणलंय त्याला माशाचा वास येतो, सासूबाई उदबत्ती लावून बसतात.

डाव्या बाजूचं दोघांना विचारते. पण आजोबांकडे फोटोच नाही आणि वयाने डागबिग आठवतील का कोण जाणे. मांजराला समोर आणून बघावं का, कोणाकडे जातंय ते?

मनीमाऊची आई, पुणे

दोघांना एकदम बोलावू नका. घाबरलेलं मांजर परक्या घरात खऱ्या मालकाकडेही पाठ फिरवतं, मग विनाकारण भांडण. त्यापेक्षा आवाज ऐकवा. जपानमध्ये २०१३ साली यावर प्रयोग झाला होता. मांजरांना आधी अनोळखी लोकांच्या आणि मग मालकाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण ऐकवलं. मालकाचा आवाज त्यांना ओळखू आला, कान आणि मान वळली. पण उठून कोणी आलं नाही! तेव्हा जागेवरून हललं नाही म्हणून निराश होऊ नका, कान बघा. घरात शांतता ठेवा, मशीन बंद. आधी एखाद्या परक्या माणसाचा आवाज ऐकवा, म्हणजे फरक कळेल.

कारेलीबागचा

शेपटी बघितलीत का? पुष्कळ मांजरांच्या शेपटीला जन्मतः गाठ किंवा वाकडेपणा असतो. फोटोत येत नाही, पण रोज हात फिरवणाऱ्याला पाठ असतो.

शिवणवाली, बडोदा

निकाल लागला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

आधी बेन. डाव्या बाजूचा फोटो मागितला, तर त्यांनी जुन्या फोनमधून शोधून पाठवला. त्यांच्या मांजरीच्या डाव्या खांद्यावर नारिंगी मोठा डाग आहे, खाली पोटापर्यंत गेलेला. आमच्याकडे आहे तिचा डावा खांदा पांढराशुभ्र, काळा डाग थेट मांडीवर. मी आमच्या डाव्या बाजूचा फोटो त्यांना पाठवला. बराच वेळ उत्तर नाही, मग एकच ओळ आली, "ना बेन, आ मारी नथी." बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांचीही मांजरी उत्तरायणातच गेलीय आणि समोरून दोघी बहिणी शोभतील.

मग बाबाजीपुरा. मुलाला म्हटलं, वडिलांनाच फोन द्या. आजोबांना डाग विचारले तर म्हणाले, "आहेत खरे, पांढऱ्यावर काहीतरी आहे." मास्तर, तुम्ही असता तर फोन ठेवला असतात. शेपटीचं विचारलं तेव्हा मात्र ताडकन म्हणाले, "टोकाला गाठ आहे, डावीकडे वळलेली, दाबली की ओरडतो." ही गाठ मी इथेसुद्धा लिहिली नव्हती. कारेलीबागचा यांनी विचारल्यावर रात्री टॉवेलात धरून चाचपली होती, तेव्हा तिने मलाही हे ओरडून कळवलं होतं.

तरी आवाजाचं केलंच. मशीन बंद, पंखा बंद. आधी माझ्या भावाला फोन लावून स्पीकरवर दोन वाक्यं बोलायला लावली. पलंगाखाली ढिम्म. मग आजोबा. रोज संध्याकाळी हाक मारता तशी मारा म्हटलं. मुलासमोर लाजत होते बहुतेक, घसा खाकरला आणि मग म्हणाले, "चला बंडोपंत, दिवे लागले." दोन्ही कान असे वळले की माझा मुलगा खाली वाकून बघत होता तो हसायलाच लागला. मनीमाऊची आई, तुम्ही म्हणालात तसंच, जागची हलली नाही हो!

संध्याकाळी आजोबा आले. कानटोपी, हातात कापडी पिशवी. मला वाटलं आल्या आल्या पलंगाखाली वाकतील. तर ते खुर्चीवर बसले, पिशवी तोंड उघडं ठेवून जमिनीवर सोडली आणि माझ्याशी वाड्याच्या सागवानी खांबांबद्दल बोलायला लागले. कुठल्या साली बांधला, वाळवी लागली का, वरचं कौल कधी काढलं. मी चहा ठेवला. मनात म्हटलं, माणूस मांजर न्यायला आलाय की घर विकत घ्यायला? शेवटी न राहवून म्हटलं, आजोबा, ती तिथे आहे. तर म्हणाले, "मला ठाऊक आहे. आपण बघायचं नाही तिकडे. रोखून बघितलं की त्याला राग येतो."

दुसरा कप झाला तेव्हा ती बाहेर आली. त्यांच्या धोतराला डोकं घासलं, लंगडत एक फेरी मारली आणि सरळ पिशवीत शिरली. पिशवीत आजोबांची जुनी बंडी होती आणि कागदात सुकट. सासूबाई आतल्या खोलीत होत्या म्हणून बरं.

डॉक्टरांनी मादी सांगितल्याचं मी हळूच कानावर घातलं. आजोबांनी मुलाकडे बघितलं, मुलाने माझ्याकडे. "असेल," म्हणाले, "पण आता नाव नाही बदलत मी." नसबंदीचं आणि रेबीजच्या लसीचं मुलाला समजावून सांगितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दिली. चिप बसवून घ्या हेही सांगितलं. तांदळाच्या दाण्याएवढी असते, बॅटरी नसते, डॉक्टरांच्या यंत्रावर फक्त नंबर दिसतो. त्याला वाटत होतं फोनवर मांजर कुठे फिरतंय ते दिसेल.

निवृत्त मास्तर, इंदूर

शास्त्र माझं खरं ठरलं, मांजरी मादीच निघाली. आजोबांबद्दलचं विधान मागे घेतो. पण त्या बेनचं काय?

शिवणवाली, बडोदा

तेच विचारणार होते. त्यांची अजून नाही सापडली. त्या रोज रिक्षा करून लांबलांबच्या भागांत चौकशी करत फिरतायत. काय सांगू त्यांना?

मनीमाऊची आई, पुणे

आधी रिक्षा बंद करा म्हणावं. घरात राहणारं मांजर घाबरलं की जवळच्या पहिल्या आडोशाला दडून बसतं आणि मालकाने हाक मारली तरी ओ देत नाही. रात्री रहदारी थांबली की स्वतःच्या आणि आजूबाजूच्या इमारतींत शोधायचं. टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीला धरायचा, म्हणजे तिचे डोळे चमकलेले दिसतात. जिन्याखाली, उभ्या गाड्यांखाली, मीटरच्या खोलीत. आणि तुमच्याकडे उत्तरायणात सगळ्या गच्च्या उघडतात ना? नंतर त्यांना कुलपं लागली असतील. जिन्याच्या वरच्या खोल्या, टाकीच्या कोठड्या, सगळं उघडून बघायला लावा. खाण्यावाचून काही दिवस राहिलेलं मांजर सापडलं तर एकदम पोटभर घालू नका, थोडं थोडं द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. उपाशी मांजराचं यकृत बिघडतं.

शिवणवाली, बडोदा

कुलपांचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या वाड्यातसुद्धा पतंग-फिरक्या ठेवून कोठडी बंद केली ती आता पुढच्या जानेवारीत उघडेल. लगेच फोन करते त्यांना. कोणाला जखमी दिसली तर १९६२ ला लावा, गुजरातेत जनावरांची करुणा ॲम्ब्युलन्स त्या नंबरवर येते.

कारेलीबागचा

आमच्या सोसायटीची अगाशी १६ तारखेपासून बंद आहे, चावी सेक्रेटरींकडे. आज संध्याकाळी उघडायला लावतो, शेजारच्या दोन इमारतींनाही सांगतो. बेनना माझा निरोप द्या आणि त्यांच्या मांजरीचा डाव्या बाजूचा फोटो इथे टाका.