मदत हवी आहे: घरच्या मोटरवाल्या शटरखाली मूल सापडू नये म्हणून नेमकं काय बसवून घ्यावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आमचं घर बेसा भागात आहे. खाली पार्किंग, वर आम्ही. पार्किंगला पत्र्याच्या पट्ट्यांचं साधं रोलिंग शटर आहे, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच. सासऱ्यांना वाकून शटर ओढणं झेपेना, म्हणून त्याला मोटर लावून घेतली. साखळीवर चालणारी बाजूची मोटर नव्हे. वरच्या दांड्यावरच बसते ती सेंट्रल मोटर. जुन्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या आहेत. दोन रिमोट आणि आत भिंतीवर वर-थांब-खाली अशी तीन बटनं. सेन्सर एकही नाही. बसवणाऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं आणि बिलातही तसा उल्लेख नाही.

घरात माझी साडेचार वर्षांची मुलगी, दिरांचा सात वर्षांचा मुलगा, आणि सुट्ट्यांत गल्लीतली सगळी पोरं. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, तेव्हा खेळायला सावलीची जागा म्हणजे हेच पार्किंग. त्यामुळे शटर आणि मुलं वेगळी ठेवता येतील असं आमच्याकडे तरी शक्य नाही.

परवा पुतण्याची छोटी सायकल शटरच्या रेषेत आडवी पडली होती आणि कुणीतरी वरून रिमोट दाबला. मी समोरच होते, म्हणून सगळं नीट पाहिलं. खालची जाड पट्टी सायकलच्या दांड्यावर टेकली. मोटर थांबली नाही, फिरतच राहिली. वरच्या पट्ट्या सैल होत ड्रमपाशी (शटर जिथे गुंडाळतं तिथे) बाहेर फुगल्या, आणि मग सायकल जराशी सरकताच तो सगळा फुगलेला भार एकदम खाली बसला. मागचं मडगार्ड चपटं झालं. मी धावत जाऊन थांब बटन दाबलं तेव्हा शटर थांबलं. आपणहून वर काही गेलं नाही.

तेव्हापासून माझं डोकं जागेवर नाही. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "सगळ्यांकडे असंच असते मॅडम, लेकरांना दूर ठेवा." मला हे उत्तर मान्य नाही. बॉल बाहेर घरंगळला की साडेचार वर्षांचं मूल त्याच्यामागे धावणारच. त्याला अडवायला प्रत्येक वेळी मोठं माणूस असेल, या भरवशावर एवढं वजन वर टांगून ठेवायचं का?

थोडं वाचलं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या प्रत्येक नव्या ऑटोमॅटिक यंत्राला, खाली कुणी सापडू नये अशी व्यवस्था कायद्याने सक्तीची आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत डोळे बसवतात. मधला अदृश्य किरण तुटला की खाली येणारं दार उलटं वर जातं. तिकडे घरच्या घरी करायची एक तपासणीही सांगतात: दाराखाली जाड लाकडी फळी आडवी ठेवायची आणि दार बंद करायचं. फळीला टेकताच दार परत फिरलं पाहिजे. पण ती दारं मोठ्या फळ्यांची, रुळांवरून छताकडे सरकणारी. आपलं गुंडाळणारं शटर वेगळं. म्हणून विचारतेय:

आहे त्याच मोटरला असे डोळे जोडता येतात का, की अख्खी मोटर बदलावी लागते? एक जोडी पुरते का? काम होईपर्यंत काय करायचं? आणि लाइन गेली असताना शटर हाताने उघडणं घरात सगळ्यांना जमेल, अशी काय सोय करावी? खर्चाची तयारी आहे, पण काम अर्धवट नको.

—

प्रतिसाद, हिंगणा रोडवरून (शटर आणि गेटचंच काम करतो)

ताई, तुम्ही जे पाहिलं ते बरोबर पाहिलं. शटरला मोटर खाली ढकलत नाही, ती फक्त सोडत जाते. खाली काही अडलं तरी मोटरला पत्ता नसते, ती लिमिट (खाली थांबायची ठरवलेली जागा) येईपर्यंत सोडतच राहते. म्हणून पट्ट्या फुगतात. त्या टायमाला अडकलेली वस्तू हाताने ओढून काढू नका. पहिले बटनाने शटर वर घ्या, मंग काढा.

मोटर बदलायची गरज बहुतेक पडणार नाही. कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडून पाहा, पण मेन स्वीच बंद करून. आत फोटोसेलसाठी, म्हणजे याच डोळ्यांसाठी, वेगळं टर्मिनल (वायर जोडायची जागा) असेल तर डोळे थेट जोडता येतात. नसेल तर फक्त कंट्रोल बॉक्स बदला, मोटर तीच राहू द्या. फिटरला एक गोष्ट ठासून सांगा: किरण तुटला तर शटर नुसतं थांबून चालणार नाही, वर गेलं पाहिजे. आणि डोळ्याची वायर तुटली किंवा उंदराने कुरतडली तर शटर खाली येणंच बंद झालं पाहिजे. काही लोकं उलटी जोडणी करून ठेवतात, वायर तुटली की शटर बिनधास्त खाली येते. काम झाल्यावर समोर एक वायर काढायला लावा आणि पाहून घ्या.

डोळ्यांसोबत खालच्या पट्टीला रबराची सेफ्टी एजपण लावा. डोळा फक्त त्याच्या रेषेतलंच पाहते. एज टेकली की सिग्नल देते.

तोवर आजच करण्यासारखं काम: रिमोटने खाली येणं बंद करून टाका. भिंतीवरचं खालीचं बटन असं जोडून घ्या, की दाबून धरलं तोवरच शटर खाली येईल, बोट काढलं की थांबेल. वर जाणं रिमोटवर राहू द्या. लेकराला शटरला लटकून वर जायची सवय असेल तर मात्र तेही नको. वर ड्रमपाशी हात सापडते. वायरिंगमधला किरकोळ बदल आहे. बंद करणारा माणूस शटरसमोर उभा राहूनच बंद करतो, अर्धा धोका तिथेच गेला. बटन पाच फुटांच्या वर घ्या. काही बॉक्समध्ये आपोआप बंद व्हायचा टायमर असते, तो चालू असेल तर तो पहिले काढा.

स्प्रिंगला घरच्या कोणीही हात लावायचा नाही. तिच्यात पीळ भरून असते, सुटली तर पान्यासकट माणूस उडवते. वर्षातून एकदा आमच्यासारख्याला बोलावून ताण तपासून घ्या. मोटरचा ब्रेक सोडून शटर हाताने अर्ध्यावर आणलं तर ते साधारण तिथेच थांबलं पाहिजे. धपकन खाली येत असेल तर स्प्रिंग थकली समजा.

—

प्रतिसाद, त्रिमूर्तीनगर

वरच्या दादांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त डोळ्यांच्या जागेबद्दल लिहितो. आमच्याकडे एकच जोडी सहा इंचांवर बसवली होती. रांगणारं बाळ, मांजर, बॉल सगळं पकडते. पण उंच गाडी मधोमध उभी असली की किरण तिच्या पोटाखालून सरळ पार जातो, आणि शटर बॉनेटवर उतरायला लागतं. म्हणून दुसरी जोडी गुडघ्याच्या थोडी वर घेतली. दोन जोड्या घ्याच.

दुसरं, तुमचं दार पश्चिमेला आहे का? आमचं आहे. संध्याकाळी तिरपं ऊन थेट रिसीव्हरच्या, म्हणजे किरण घेणाऱ्या डोळ्यात जायचं आणि शटर विनाकारण परत वर जायचं. घरातले कंटाळून सेन्सर काढा म्हणायला लागले. काढू नका. रिसीव्हर अशा बाजूला घ्या, की त्याचं तोंड सूर्याकडे होणार नाही. ज्याच्या तोंडावर ऊन येतं त्या जागी पाठवणारा डोळा राहू द्या. एवढ्या अदलाबदलीने प्रश्न मिटला. धूळ आणि कोळ्याची जाळी आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा. शटर ज्यातून सरकतं त्या बाजूच्या चॅनलमध्ये ग्रीस अजिबात नको, आपल्याकडची धूळ त्यात बसून लगदा होतो आणि शटर तिरकं उतरायला लागतं.

आणि शटर पूर्ण बंद करून आत गाडी चालू ठेवायची नाही, गरम करायला म्हणूनही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसत, ना वास येत.

—

प्रतिसाद, अंबाझरी लेआउट

बेटा, लाइन गेल्यावरचं विचारलंस म्हणून लिहिते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे आमच्या भागात पाणी घरात शिरलं ते अनेकांना आठवत असेल. अंधार, खाली गाड्या पाण्यात, आणि आमच्या शेजाऱ्यांचं मोटरवालं शटर उघडेना. मोटरचा ब्रेक सोडायची केबल होती, पण ती वर ड्रमच्या मागे गुंडाळून ठेवलेली. घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

सेंट्रल मोटरला बहुतेक ही केबल असते. ती खाली ओढून घे, मोठ्या माणसाच्या हाताला येईल आणि लेकरांच्या येणार नाही अशा उंचीवर. तिला लाल पट्टी बांध. ब्रेक सुटला की शटर हाताने वर ढकलता येतं. मात्र स्प्रिंग तुटलेली असली तर ब्रेक सुटताच शटर कोसळेल, म्हणून केबल ओढताना कुणीही शटरखाली उभं राहायचं नाही. पार्किंगमध्ये शिरायला दुसरं दार नसेल तर बाहेरून किल्लीने ब्रेक सोडायची सोयही करून घे. सासू-सासऱ्यांना प्रत्यक्ष करायला लाव, नुसतं सांगून ऐनवेळी आठवत नाही.

—

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बटन दाबून धरायची जोडणी आज एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली. रिमोटने आता शटर फक्त वर जातं. आमची मुलं लटकत नाहीत, तरी दोन्ही रिमोट कपाटात कुलपात आहेत. बटनांचं पॅनेल छातीच्या उंचीवर होतं, ते वर घेतलं. काकू, केबल सापडली. खरंच ड्रमच्या मागे गुंडाळलेली होती. सासऱ्यांनी स्वतः ब्रेक सोडून शटर वर ढकललं, पण त्यांना बराच जोर लागला. अर्ध्यावर सोडलं तर हळूहळू खाली येतंय, म्हणजे स्प्रिंगचा ताण कमी झाला असावा.

कंट्रोल बॉक्सचं झाकण मेन बंद करून उघडलं. आत फोटोसेलचं टर्मिनल आहे आणि त्यावर एक आखूड तार नुसती आडवी जोडून ठेवली आहे. म्हणजे सोय पहिल्यापासून होती आणि ती बंद करून दिली. याचा मला फार राग आलाय, पण तो नंतर.

आता दोनच गोष्टी विचारते. सेफ्टी एजची वायर शटरसोबत रोज वर-खाली होणार, तर ती तुटू नये म्हणून गुंडाळीची केबल घ्यावी की बॅटरीवरची वायरलेस? वायरलेसची बॅटरी संपली तर शटर खाली येणं थांबतं का? आणि स्प्रिंग आधी की सेन्सर आधी, की दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाकडून करून घ्यावं?

दार पश्चिमेलाच आहे.