चर्चा: पाण्यात बुडालेल्या बॉम्बफेकी विमानातील सैनिकांचे अवशेष वर काढावेत का?

धागालेखक (अल्मेर, नेदरलँड्स): २९ मार्च १९४३ च्या रात्री इंग्लंडमधील डाउनहॅम मार्केटच्या तळावरून बर्लिनवर हल्ला करण्यासाठी निघालेले ‘स्टर्लिंग बीके ७१६’ हे ब्रिटिश बॉम्बफेकी विमान परतीच्या वाटेवर पाडले गेले आणि आतल्या सातही जणांसह आमच्या शहरालगतच्या मार्करमेर सरोवराच्या पाण्यात बुडाले. २००८ साली एका बोटीच्या नांगराबरोबर त्याचा तुकडा वर आला, आणि २०२० साली डच सरकारने उरलेले अवशेष बाहेर काढले. तळाचा गाळ उपसून तो चाळण्यांमधून गाळला गेला. त्यात एका सैनिकाच्या नावाची आद्याक्षरे असलेली सिगारेटची डबीही सापडली. नातेवाइकांची इच्छा असेल आणि काम शक्य असेल, तर असे प्रत्येक विमान वर काढलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (पुणे): मी याच्याशी सहमत नाही. ज्या देशाचे हे विमान, त्या ब्रिटनचाच १९८६ चा कायदा लष्करी सेवेत कोसळलेल्या विमानांना संरक्षण देतो, आणि आत मानवी अवशेष असण्याची शक्यता असेल तर उत्खननाचा परवाना सहसा मिळत नाही. आपल्याकडेही देह हाती लागला नाही तर पालाशविधी (पळसाच्या पानांच्या प्रतीकात्मक देहावर केलेला अंत्यविधी) करून पुढचे संस्कार होतात. म्हणजे देहाशिवाय निरोप देता येतो, हे आपल्या धर्मशास्त्रानेच मान्य केले आहे. इंग्लंडमधील रनीमीड येथे १९५३ पासून स्मारक उभे आहे. ज्यांना थडगे नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तिथल्या ओवऱ्यांच्या अरुंद खिडक्यांलगत दगडात कोरलेली आहेत. घरच्यांना डोके टेकवायला एवढी जागा पुरेशी नाही का?

धागालेखक: पालाशविधीचा मुद्दा मोलाचा आहे, परंतु तो विधी माणूस गेला हे गृहीत धरल्यानंतरचा आहे. या घरांमध्ये अडचण नेमकी तिथेच होती. आधी ‘बेपत्ता’ अशी तार येई, पुढे काही महिन्यांनी सरकार त्याला मृत गृहीत धरी, मागे राहिलेले त्याचे सामान घरी पोहोचवले जाई, आणि तरीही तो कोणत्या पाण्यात, कसा गेला, हे सांगणारे कोणी नसे. आईवडील त्याच अवस्थेत गेले, आणि भावंडांनी तो प्रश्न मुलांच्या हाती सोपवला. दगडावरचे नाव त्याच्या मृत्यूची नोंद करते, पण तो कुठे आहे ते सांगत नाही.

प्रतिसाद (नाशिक): मला वेगळीच गोष्ट खटकते. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, म्हणजे बॉम्बर कमांडच्या, सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. त्यांतले जे उत्तर समुद्रात बुडाले, त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचणार नाही. मार्करमेर पूर्वी समुद्राचाच भाग होता, पण १९३२ च्या बांधामुळे तो समुद्रापासून तुटला. तिथे पाणी अवघे काही मीटर खोल आहे, म्हणून हे काम शक्य झाले. म्हणजे कोणत्या घराला उत्तर मिळावे, हे पाण्याच्या खोलीने ठरवायचे? शिवाय ज्या शहरांवर हे बॉम्ब पडले, तिथल्या ढिगाऱ्यांखाली नाहीशा झालेल्या माणसांचेही नातेवाईक आहेत. सरकारी पैसा खर्च होणार असेल, तर त्यांचाही विचार व्हायला हवा.

प्रतिसाद (पुणे): नाशिकच्या मित्रांचा दुसरा मुद्दा मला पटतो. शिवाय, आज परवानगी देणारे बहुतेक जण त्या सैनिकाला कधी भेटलेलेही नाहीत. पणतू-पुतण्यांच्या इच्छेवरून तळाशी विसावलेल्यांना का हलवावे, हे मला अजूनही उमगलेले नाही.

धागालेखक: सर्वांना देता येत नाही म्हणून कोणालाच देऊ नये, हा न्याय मला मान्य नाही. बर्लिनच्या ढिगाऱ्यांखालच्या माणसांचा शोध घेण्याची मागणी कोणी केली, तर मी तिलाही पाठिंबा देईन. राहिला ‘विसावलेल्यांचा’ प्रश्न. अल्मेर ज्या भूमीवर उभे आहे, ती १९६८ मध्ये पाणी उपसून कोरडी केलेली आहे, आणि आमच्या फ्लेवोलँड प्रांतातल्या अशा जमिनींत पूर्वीही युद्धकाळातील विमाने सापडली आहेत. उरलेल्यांपैकी तीस ते पन्नास विमाने वर काढण्याजोगी असावीत, असा २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेचा अंदाज आहे. इथे तळ उपसला जातो, बांध घातले जातात, नांगर पडतात. पाण्याखालचे हे सैनिक कोणाच्याही स्पर्शाविना राहतील, याची हमी इथे कोणीच देऊ शकत नाही. मग बोटीच्या नांगराने त्यांचे तुकडे होण्यापेक्षा, ज्यांच्या घरी त्यांचे नाव अजून घेतले जाते त्यांना विचारून ते काम काळजीपूर्वक का करू नये?